हात बसेपर्यंत

लढाई कुणी जिंकली, किती मेले, किल्ला कुणाच्या हाती गेला हे बखरीत सापडतं. पण त्या लढाईआधी वर्षानुवर्षं एकच वार गिरवणारा माणूस कोण होता, दिवसाला किती वेळा गिरवायचा, कुठं उभा राहायचा, काय खाऊन उभा राहायचा, हे कुठल्याच बखरीत नाही. मेहनतीचा इतिहास लिहायची आपल्याकडं पद्धतच नाही. आणि मेहनत करणारा गावकुसाबाहेरचा असला तर बोलायलाच नको.

म्हणून हा विषय घेतला. एकट्यानं, समोर कुणी नसताना, तोच वार, तोच पवित्रा, तीच बैठक शेकड्यानं करत राहणं. तालमीत याला मेहनत म्हणतात. शेतात राबणं, गिरणीत राबणं, यालाही मेहनतच म्हणतात. मराठीत शब्द एकच आहे. पण या दोन मेहनतींत जो फरक आहे तो आपल्या माणसांच्या इतिहासातला फार मोठा फरक आहे. डिलाईल रोडच्या चाळींत या दोन्ही मेहनती एकाच माणसाच्या अंगावर होत्या. तिथवर जायचं तर आधी पुण्याला जाऊन यावं लागेल.

पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्तादांची तालीम होती. लहुजी राघोजी साळवे, जन्म १७९४ चा, पुरंदरच्या पायथ्याचं पेठ गाव, जात मांग. पेशवाई बुडाली तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. १८८१ मध्ये ते वारले. जोतीराव फुले लहुजींकडं दांडपट्टा आणि गोळीनिशाण शिकले. हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही, जोतीरावांनी स्वतःच लिहून ठेवलंय. १८४८ नंतर जोतीरावांनी शाळा काढल्या तेव्हा त्या शाळांना मांगा-महारांची पोरं मिळवून द्यायला हाच वस्ताद उभा राहिला. पाटी देणारा आणि पट्टा देणारा, दोघं एकाच पेठेतले. आज त्या पेठेला महात्मा फुल्यांचंच नाव आहे.

पट्टा हे हत्यार काय आहे ते बघा. त्याची मूठ लोखंडी, कोपरापर्यंत हात झाकणारी. आत हात घातला की मनगट बांधलं जातं, वळत नाही. तलवारीसारखा मनगटाचा खेळ इथं चालत नाही. वार खांद्यातनं काढायचा, कमरेतनं काढायचा, पावलातनं काढायचा. पातं लवचिक, चूक झाली तर परत स्वतःच्याच अंगावर येतं. अशा हत्याराला सांगून काही शिकवता येत नाही. रोज तेच पाऊल, तेच वळण, तीच फिरकी. हात बसेपर्यंत. ज्याला आपण 'हात बसला' म्हणतो ती गोष्ट मोजता येत नाही, विकत घेता येत नाही, वतनात मिळत नाही. ज्याच्या अंगाला सातबारा नव्हता त्याच्याकडं एवढीच इस्टेट होती.

दुसरी शाळा पलटणीची. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार मोठ्या संख्येनं होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांची नावं तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत, त्यात 'नाक' शेवटी असलेली कितीतरी नावं आहेत. पलटणीत कवाईत होती. डावं, उजवं, बंदूक खांद्यावर, बंदूक खाली, परत खांद्यावर. दिवसातनं शेकडो वेळा. ही कवाईत दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी होती, यात शंका नाही. पण गावात ज्याची सावली वर्ज्य होती तो माणूस इथं ताठ उभा राहायला शिकला, नि मान खाली न घालता समोर बघायला शिकला. ते शिकलेलं अंग पेन्शन घेऊन गावी आलं तेव्हा परत पहिल्यासारखं वाकायला तयार नव्हतं. गोपाळबाबा वलंगकर असेच पेन्शनर. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी असेच.

१८९२ च्या सुमारास सरकारनं महारांची भरती बंद केली. लढाऊ जातींची यादी निघाली आणि त्यातनं आपण बाद. १८९४ मध्ये वलंगकरांनी अर्ज लिहिला, १९१० मध्ये पुण्याहून शिवराम जानबा कांबळे यांनी लिहिला. १९१७ मध्ये महायुद्धाची गरज लागली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली, नि १९२१ मध्ये मोडून टाकली. शेवटी बाबासाहेबांनी लावून धरलं आणि १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. मधली जवळजवळ पन्नास वर्षं कवाईत शिकलेले हात घरी बसले होते. घरी बसले म्हणजे रिकामे बसले असं नाही. त्यातले कित्येक मुंबईला आले.

आता एक प्रश्न. आपल्या माणसांत एकट्यानं करायच्या मेहनतीला एवढं महत्त्व का आलं? कुस्तीला का नाही?

कुस्तीला जोड लागते. जोड म्हणजे अंगाला अंग. हौद्यातली माती पवित्र, बाजूला मारुती, आणि गावोगावच्या तालमीत आपल्या पोराला त्या मातीत पाय ठेवू देत नसत. जत्रेच्या फडात जोड लावताना आधी जात बघत. आपसात कुस्त्या होत होत्या, आपल्यातही पैलवान झाले, नाही असं नाही. पण कुस्तीला आणखी एक गोष्ट लागते, खुराक. हजारानं जोर-बैठका मारायच्या तर दूध, तूप, बदाम हवेत. थोरल्या गामा पैलवानाच्या रोजच्या बैठका हजारांत सांगतात, पण त्याच्या मागं संस्थानिकांचा आश्रय होता. भाकरी आणि सुका बोंबील खाऊन तसली मेहनत केली तर अंग झिजतं, वाढत नाही.

लाठीला यातलं काही नको. भरीव बांबूची, तेल पाजलेली, आपल्या उंचीला बेताची एक काठी. माती नको, जोड नको, देव नको. शिवायला कुणी तयार नाही? नसू दे. समोर हवा आहे. हवेला जात नसते. अस्पृश्यतेनं ज्याला एकटं पाडलं, त्यानं त्या एकटेपणातच आपली तालीम काढली. लाठीचा इतिहास सगळ्या जातींचा आहे, तो एकट्या आपला आहे असा दावा मी करत नाही. पण आपल्या हातात ती का टिकली, त्याचं कारण मला इथं दिसतं.

काठीचा आपला जुना इतिहास मात्र लाजिरवाणा होता. गावच्या महाराच्या हातात वेसकराची काठी असायची, घुंगरं लावलेली. ती चाकरीची खूण. काठी वाजली की गावाला कळायचं, महार आला. ती काठी घेऊन तो वेशीत उभा राहायचा, सारा घेऊन चालायचा, पाटलाचा सांगावा घेऊन पळायचा, नि संध्याकाळी घरोघर भाकरी मागायचा. हे महारवतन मोडायला बाबासाहेबांनी १९२८ पासून कौन्सिलात बिलं मांडली, कायद्यानं ते गेलं १९५८ मध्ये. म्हणजे ज्या काळात गावात घुंगराची काठी हातातनं सुटली नव्हती, त्याच काळात मुंबईत बिनघुंगराची काठी हातात आली. वस्तू तीच. पण एक दुसऱ्यासाठी वाजत होती, दुसरी स्वतःसाठी फिरत होती.

आता डिलाईल रोड. कागदावर आज ना. म. जोशी मार्ग, बोलण्यात अजून डिलाईल रोडच. १९२० मध्ये गव्हर्नर लॉईडच्या काळात डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं आणि त्यानं वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला चाळी बांधल्या. डिलाईल रोडला बत्तीस चाळी. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या, मधनं बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. खोली एकशे साठ चौरस फुटांची. त्यात एक कुटुंब, वर गावाकडनं आलेला भाऊ, मेहुणा, भाचा. रत्नागिरी, कुलाबा, सातारा, कोल्हापूर, नगरकडची माणसं. त्यातल्या काही चाळी आपल्या.

या खोलीत लाठी फिरवता येत नाही. बोळातही येत नाही, भिंतीला लागते. म्हणून लाठी दोन चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत आली. पाळी सुटल्यावर किंवा पाळीआधी. खोलीत जे करता येतं ते खोलीत, म्हणजे बैठका, जोर, मनगटाचा व्यायाम. बाहेर जे करता येतं ते बाहेर.

नि पाळी म्हणजे काय? १९२२ च्या कायद्यानं आठवड्याचे तास साठावर आणले, म्हणजे त्याआधी त्याहून जास्त होते. आपला माणूस बहुतेक रिंगखात्यात. धागा तुटला की सांध, परत तुटला परत सांध, भरलेली बॉबिन काढ, रिकामी लाव. एका पाळीत तीच हालचाल शेकडो वेळा. पगार जास्त ते विणाईखातं त्याला बंद होतं. का? तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातनं तोंडानं ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा स्पृश्य विणकर कसा तोंडाला लावणार? १९२८ चा सहा महिन्यांचा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं रोखठोक ठेवला. वर्ग एक आहे म्हणणाऱ्यांच्या तोंडात जात अडकली होती ती अशी.

तर हा माणूस. दिवसाचे दहा तास त्याचे हात साच्याच्या तालावर चालायचे. बाहेर आल्यावर त्यानं लाठी हातात घेतली आणि परत तीच हालचाल शेकडो वेळा. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, काय वेडा आहे, दिवसभर तेच करून भागलं नाही काय? पण साचा त्याचा ताल ठरवत होता, इथं ताल तो ठरवत होता. तिथं हजार वेळा केलं तर मालकाचं सूत निघत होतं. इथं हजार वेळा केलं तर त्याचा स्वतःचा हात तयार होत होता. पिढ्यान्‌पिढ्या वेठीला राबलेल्या अंगाची ही स्वतःच्या मालकीची मेहनत होती.

त्याच दशकात तिकडं मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाईन नावाचा माणूस श्रमसंस्थेत कामगारांच्या हालचाली तपासत होता. छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसलेल्या कामगाराचे त्यानं एकामागून एक फोटो काढले आणि हाताचा मार्ग मोजला. त्याला दिसलं, हातोडा दरवेळी नेमका तिथंच पडतो, पण खांदा, कोपर, मनगट यांचा मार्ग दरवेळी थोडा वेगळा असतो. म्हणजे कसलेला हात तीच हालचाल छापत नाही. तोच प्रश्न तो दरवेळी नव्यानं सोडवतो. हे वाचलं की वस्तादाची मेहनत कळते. शंभर वार म्हणजे एका वाराच्या शंभर नकला नाहीत. दहाव्याला पाय घसरतो, तिसाव्याला मनगट आखडतं, साठाव्याला खांदा दुखायला लागतो आणि मग ताकद संपल्यावर अंग आपोआप जास्तीचं टाकून देतं. उरतो तो खरा वार. पण लक्ष नसलं तर उलटं होतं, चूकच शंभर वेळा घोटली जाते, नि घोटलेली चूक मोडायला दुप्पट काळ जातो. म्हणून चांगला वस्ताद नुसता आकडा मोजत नाही, पाऊल बघतो.

जपानी कराटेच्या क्लासात हल्लीची पोरं एकच काता परत परत करतात, त्यांना वाटतं ही पद्धत बाहेरून आली. कराटेचं मूळ ओकिनावा बेटावर. १६०९ मध्ये सात्सुमाच्या सामुराईंनी ते बेट जिंकलं. तिथला मास्तर गिचिन फुनाकोशी यानं आपल्या आठवणीत सांगितलंय की तरुणपणी रात्री चोरून गुरूच्या अंगणात तो एकच काता महिनोन्‌महिने करत होता, गुरूचं समाधान होईपर्यंत पुढचा नाही. हत्यार नसलेल्या माणसाची पद्धत जगभर अशीच दिसते. जागा थोडी, वेळ रात्रीचा, सोबत कुणी नाही, आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा.

पण हात बसला, पुढं काय? इथं महाडला जावं लागतं.

२० मार्च १९२७. चवदार तळ्याचं पाणी प्यायले. देवळात शिरणार अशी आवई उठली आणि गुंडांनी मंडपात घुसून जेवणाऱ्या माणसांना मारलं. वाटेत गाठून मारलं. त्या दिवशी आपल्या लोकांत महायुद्धात लढून आलेले शिपाई होते. त्यांचे हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी एक शब्द टाकला असता तर महाडचं काय झालं असतं ते सांगायला नको. त्यांनी हात आवरायला सांगितलं. हात आवरले गेले.

इतिहास लिहिणारे याला बाबासाहेबांचा संयम म्हणतात. तो होताच. पण हुकूम देणाऱ्याचा संयम अर्धाच असतो, उरलेला अर्धा हुकूम पाळणाऱ्याच्या अंगात असावा लागतो. ज्यानं हजार वेळा वार केला आणि हजार वेळा मध्येच थांबवला, त्यालाच पेटलेल्या डोक्यानं हात थांबवता येतो. कच्चा माणूस एकतर पळतो नाहीतर अंदाधुंद मारतो. डिसेंबरात पुन्हा तेच. मुंबईहून बोटीनं माणसं दासगावला उतरली, रांगेनं महाडला चालत गेली. २५ तारखेला मनुस्मृती जाळली. कोर्टाच्या मनाईमुळं सत्याग्रह पुढं ढकलला तेव्हा हजारोंच्या जमावानं गावातनं शिस्तीनं मिरवणूक काढली आणि परत फिरले. तळ्याचा निकाल हायकोर्टातनं लागला १९३७ मध्ये. दहा वर्षं धरून ठेवायला दम लागतो. तोही मेहनतीनंच येतो.

समता सैनिक दल याच महाडच्या दिवसांतलं. चाळीतला गिरणी कामगार, गोदी कामगार, झाडूवाला, पेन्शनर शिपाई हे त्याचं बळ. सभेची व्यवस्था, बायाबापड्यांचं रक्षण, मिरवणुकीच्या दोन्ही बाजू सांभाळणं हे त्याचं काम. ७ नोव्हेंबर १९३८ ला काळ्या कामगार बिलाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्षानं नि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला, तेव्हाही दलाचे लोक रस्त्यावर होते. १९४२ च्या जुलैत नागपूरला फेडरेशन स्थापन झालं, तिथंच दलाची परिषद भरली आणि महिलांचीही. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत लाठीचे हात दाखवले जातात ते याच परंपरेतले. लोक टाळ्या वाजवतात त्या दहा मिनिटांना. त्यामागचे महिने कुणाला दिसत नाहीत.

महिलांचा विषय निघालाच आहे तर एक हिशेब मांडायला हवा. जात्याचा खुंटा हजार वेळा फिरवणारी, नळाच्या रांगेतनं हंडे भरून तीन जिने चढणारी बाई, तिची मेहनत कुणी शेकड्यानं मोजली? तिच्या मनगटात कुठल्याही लाठीवाल्याइतका जोर होता. फक्त तो जोर स्वतःसाठी वापरायची जागा तिला चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेतही मिळाली नाही. ती बाप्यांची होती. आज मिरवणुकीत पोरी लाठी घेऊन पुढं असतात, हे आपल्या चळवळीनं उशिरा का होईना केलेलं चांगलं काम आहे.

दुसरा हिशेब कडू आहे. तयार झालेला हात भाड्यानंही जातो. गिरणगावात तालमी होत्या, तशा तालमीच्या जोरावर दादा झालेले लोकही होते. कधी संपवाल्यांच्या बाजूनं, कधी संप फोडणाऱ्यांच्या. जानेवारी १९७४ मध्ये पँथरच्या सभेनंतर वरळी पेटली, नायगाव पेटलं. दहा तारखेच्या मोर्चावर वरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव मारला गेला. चाळीसमोर चाळ उभी राहिली, आणि दोन्हीकडची पोरं गिरणी कामगारांचीच. त्यात वर बसलेल्यांच्या घरचं कुणी मेलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला शेवटचा मोठा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, बहुतेक परत आत गेलेच नाहीत. साचा थांबला. रिकामा हात आणि बसलेला हात यांची गाठ पडली की कोण हाक मारतो त्यावर सगळं ठरतं. लहुजींच्या पेठेत पट्ट्याशेजारी पाटी होती, महाडला काठीशेजारी विचार होता. जिथं जिथं नुसती मेहनत उरली आणि शेजारचा विचार गेला, तिथं तिथं आपला हात दुसऱ्याच्या कामाला लागला. साच्यावर लागला होता तसाच.

आता डिलाईल रोडच्या चाळी पुनर्विकासात जात आहेत. एकशे साठ फुटांच्या जागी पाचशे फुटांचं घर मिळणार. ते मिळालंच पाहिजे. आमच्या माणसांनी संडासाच्या रांगेत शंभर वर्षं काढली, त्या खोल्यांबद्दल गळा काढायचं काम ज्यांनी त्यात दिवस काढले नाहीत त्यांनी करावं. पण दोन चाळींच्या मधली ती मोकळी जागा कुठल्याच नकाशात 'तालीम' म्हणून दाखवलेली नव्हती, म्हणून ती कुणाला भरूनही मिळणार नाही. मनोऱ्याच्या खाली गाड्या लागतील. वर जिम असेल, तिथं महिन्याची फी असेल.

म्हणून ज्यांच्या घरात अजून लाठी शिकलेला म्हातारा आहे त्यांनी त्याच्यासमोर वही घेऊन बसावं. कुठं उभं राहायचात, कुणी शिकवलं, किती हात रोज, पाऊल कसं टाकायचं, काय खायचात, मार कुठं थांबवायचा. सगळं लिहून काढा. आणि लिहून झालं की त्यांना उठवून एक हात करून दाखवायला सांगा. मग तुम्ही करा. चुकेल. परत करा.